पैरा, खाडा आणि मोठा दवाखाना

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी 30 वर्षांहून अधिक काळ शिक्षक होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पहिलीचे प्रवेश करताना जन्मतारखेचा रकाना आला, की पालक आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे बघत असू. "नागपंचमीच्या आधी आठ दिवस", "मळणी चालू होती तेव्हा", "थोरल्या मामाच्या लग्नात हा पोटात होता", अशी उत्तरे मिळत आणि त्यांवरून वर्ष कसेबसे जुळवून मी 1 जून लिहून मोकळा होत असे. माझ्या पिढीच्या कोणत्याही खेड्यातल्या शिक्षकाला विचारा, तोही हसून हेच सांगेल. निवृत्ती जवळ आली तेव्हा मात्र त्याच नोंदवहीत 14 ऑगस्ट, 3 फेब्रुवारी, 27 नोव्हेंबर अशा खऱ्याखुऱ्या तारखा उमटू लागल्या होत्या. त्यात आमच्या शिक्षण खात्याची करामत काही नव्हती; बाळंतपणे घरच्या माजघरातून दवाखान्यात गेली होती एवढेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 साली कर्नाटकात सुमारे 65 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती आणि 2019-20 पर्यंत हे प्रमाण 97 टक्क्यांवर गेले. मला हा बदल आकडे वाचण्याच्या आधी पहिलीच्या वर्गात दिसला.

खरी तारीख कागदावर आली, की तिच्यामागून बऱ्याच गोष्टी येतात. मुलांचे वाढदिवस होऊ लागले. केक खानापूरहून वडापच्या जीपमधून येतो आणि घरी पोचेपर्यंत त्याची एक कड हमखास बसलेली असते. मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली, की "झाली असतील अठरा" या वाक्यावर आता भागत नाही, कारण दाखला पेटीत असतो आणि त्याची नक्कल शाळेत असते. याला एक अवघड बाजूही आहे. अठरा वर्षे पूर्ण न झालेली गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात आली तर कायद्याने ते कळवावे लागते, आणि हे माहीत असलेली घरची माणसे अशा मुलीला दवाखान्याच्या वाऱ्यालाही उभी करत नाहीत. जिला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तीच अशा वेळी घरात लपवली जाते. यावर काय उपाय करावा हे नर्सबाईंनाही सुचत नाही आणि मलाही सुचलेले नाही.

आमच्या भागातल्या केंद्राच्या पाटीवर कन्नडमध्ये 'समुदाय आरोग्य केंद्र' असे लिहिलेले आहे. लोक त्याला 'मोठा दवाखाना' म्हणतात, कारण गावातले उपकेंद्र हा 'लहान दवाखाना'. सरकारी मापाप्रमाणे सपाटीवर 5,000 आणि डोंगराळ भागात 3,000 लोकवस्तीला एक उपकेंद्र, 30,000 किंवा डोंगरात 20,000 लोकांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि 1,20,000 किंवा डोंगरात 80,000 लोकांना एक सामुदायिक केंद्र असावे लागते. त्यात 30 खाटा, प्रयोगशाळा, एक्स-रे, शिवाय शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूल देणारा डॉक्टर एवढी मंडळी असणे अपेक्षित आहे. अपेक्षित हा शब्द मी जपून वापरला आहे; त्याकडे पुढे वळतो.

आधी पैऱ्याबद्दल सांगायला हवे, कारण त्यावाचून आमच्याकडे दवाखान्याचा हिशेब लागत नाही. रोप लावणीच्या दिवसांत कोणाचीही भातशेती एकट्या घराच्या हातांनी उरकत नाही. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही, अशी श्रमांची उसनवारी चालते, तिला पैरा म्हणतात. पैऱ्यात एक दिवस खाडा पडला, की तो पैशाने फिटत नाही, दिवसानेच फेडावा लागतो, आणि जुलैतला दिवस फेब्रुवारीत परत करून चालत नाही. मोठा दवाखाना नीट चालू नव्हता तेव्हा तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन बेळगावला जायचे म्हणजे पहाटेची बस, सोबतीला एक माणूस, खासगी डॉक्टरांच्या दारात दुपारपर्यंत बसणे, औषधे घेऊन संध्याकाळची बस धरणे, असा दोन माणसांचा पुरा दिवस जात असे. डॉक्टरांची फी बचत गटातून उभी करता येत होती. दोन पैरे बुडाले म्हणून आठवडाभर मागे पडलेली लावण आणि त्यामुळे उताऱ्यात आलेली तूट कोणत्याही गटातून भरून निघत नव्हती. म्हणून लोक थांबत. ताप दोन दिवस बघू, खोकला पंधरा दिवस बघू, बाईचे अंगावरून जाणे तर वर्ष वर्ष बघू. आमच्याकडचे लोक आजार अंगावर काढतात असे शहरातले डॉक्टर त्राग्याने म्हणतात, तेव्हा त्यांना लावणीचे वेळापत्रक कोणी सांगितलेले नसते.

तेच पोर आज सकाळी नऊला मोठ्या दवाखान्यात नेले, तर रक्ताचा थेंब तपासून, गोळ्या घेऊन साडेअकराला घरी येते. माझ्या दृष्टीने या केंद्राचा सर्वांत मोठा परिणाम हा की आजारपण आणि शेतीचे काम यांतले एकच निवडण्याची पाळी आता कमी वेळा येते. किती रोगी बरे झाले हे दवाखान्याच्या फळ्यावर लिहिलेले असते. किती खाडे वाचले याची नोंद मात्र कुठेही होत नाही.

बायकांच्या बाबतीत हा बदल जास्त खोलवर गेला आहे. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यातून गावोगावी आशा कार्यकर्त्या आल्या आणि त्याच वर्षी जननी सुरक्षा योजनाही आली. आमच्या ग्रामीण भागात दवाखान्यात बाळंत होणाऱ्या पात्र स्त्रीला तिच्यातून 700 रुपये मिळतात. रक्कम लहान आहे. पण ती चेकने मिळू लागली तेव्हा चेक वटवायला खाते हवे आणि खाते आईच्याच नावाचे हवे अशी अडचण उभी राहिली. त्या अडचणीमुळे आमच्या गावातल्या कितीतरी सुना आयुष्यात पहिल्यांदा बँकेची पायरी चढल्या. मी त्यांपैकी काहीजणींना सही गिरवायला शिकवली आहे. यातल्या दोघी माझ्याच शाळेत चौथीपर्यंत शिकून सही विसरलेल्या होत्या, हे कबूल करायला हवे. गरोदरपणाची नोंद झाली की मिळणाऱ्या 'तायी कार्डा'ला आमच्या बायका सर्रास 'ताई कार्ड' म्हणतात. कन्नडमधली आई अशी मराठीत ताई झाली आणि कोणाचे काही बिघडले नाही. पुढे 11 जून 2023 पासून शक्ती योजनेखाली साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट लागेनासे झाले. दवाखान्याला जायचे म्हणून नवऱ्याकडे किंवा सासूकडे बसभाडे मागणे हा आमच्याकडे निव्वळ पैशाचा प्रश्न कधीच नव्हता, मागितले की "काय होतंय?" असा प्रश्न येई आणि जे होत असे ते सासऱ्यासमोर सांगण्यासारखे नसे. आता आधार कार्ड दाखवले की बस सुटते आणि घरात "आशाताईनं बोलावलंय" एवढे सांगितले की पुरते. दोन वेगवेगळ्या खात्यांच्या योजना एकमेकींना अशा जोडल्या गेल्या आहेत याची त्या खात्यांना कल्पना असेल की नाही, कोण जाणे.

गावपातळीवरच्या नर्सबाईंना आपल्याकडे कोणी मोजत नाही, म्हणून आमच्या जिल्ह्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बाई दगावू नये म्हणून मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी उपयोगी पडेल का, याचा अभ्यास 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांचा त्यात मोठा वाटा होता, आणि घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1,620 बायकांना गोळ्या देण्याचे काम इथल्या साध्या एएनएम नर्सबाईंनी केले. रक्त किती गेले हे मोजण्यासाठी बाईखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावत. ज्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या दिल्या होत्या त्यांच्यात 12 टक्के बायकांना जादा रक्तस्राव झाला, आणि खरी गोळी घेतलेल्यांत 6.4 टक्के बायकांना. 2006 साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले, आणि 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी त्या गोळीला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. जगभरच्या बाळंतिणींना उपयोगी पडलेले हे ज्ञान आमच्या चिखलातल्या वाटांवरून पिशवी घेऊन चालणाऱ्या बायकांच्या हातून तयार झाले, आणि आमच्याच तालुक्यात हे कोणाला ठाऊक नाही. शाळेत मी राजधान्या पाठ करून घेतल्या, हे सांगितले नाही, याची मला आता रुखरुख वाटते.

भाषेचा विषय टाळून या सीमेवर कशाबद्दलच लिहिता येत नाही, आणि दवाखाना त्याला अपवाद नाही. आमच्या केंद्रात काही वर्षांपूर्वी बैलहोंगलकडच्या एक सिस्टर बदलून आल्या. त्यांना मराठीचा गंध नव्हता आणि आमच्या म्हाताऱ्यांना कन्नड बाजारापुरतेच येत होते. "पोटात दुखूलालंय बाई" एवढे कळले की त्या कागदावर 'होट्टे नोवु' लिहून पुढच्या रोग्याकडे वळत. पण आमच्याकडे पोटात नुसते दुखत नाही. कळ येते, मुरडा पडतो, चमक निघते, ठणका लागतो, पेटका येतो, आणि यातल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. कळ आणि मुरडा यांत गल्लत झाली तर बाळंतपणाला आलेली बाई जुलाबाच्या गोळ्या घेऊन घरी परत जाऊ शकते. असा एक प्रसंग थोडक्यात टळला, आणि तेव्हापासून सिस्टरांनी टेबलाच्या काचेखाली एक कागद ठेवला. त्यावर कन्नड लिपीत हे सगळे मराठी शब्द आणि त्यांच्यासमोर त्यांचे अर्थ लिहिलेले होते. सहा महिन्यांनी मी माझ्या बहिणीला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी डोळे वर न करता विचारले, "आक्का, कळ की चमक?" तिकडे आमच्या बायकांच्या तोंडी 'गुळगी' रुळली, आणि आता त्या घरीही गोळीला गुळगीच म्हणतात. या सीमेवर भाषेच्या नावाने दगड फेकले गेलेले मी पाहिले आहेत. त्या खोलीत मात्र दोन्ही भाषा एकमेकींकडून शब्द उसने घेत होत्या, पैऱ्याने घ्यावेत तसे.

कागदावर हा समजूतदारपणा उतरत नाही. माझ्या पुतण्याच्या मुलीचे नाव ज्ञानदा. जन्माची नोंद कन्नडमध्ये झाली तिथपर्यंत नाव शाबूत होते. तिथून ते इंग्रजीत गेले आणि संगणकातून मराठीत परत आले तेव्हा मुलगी 'ग्नानदा' झाली होती. दुरुस्तीसाठी एका कचेरीतून दुसरीत, मग प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा पहिल्या कचेरीत, असे पुतण्याचे चार खाडे पडले. आमच्या घरात तिला आता लाडाने ग्नानी म्हणतात.

आता सापाबद्दल. जून ते सप्टेंबर हे आमच्याकडे विंचू-सापाचे दिवस आणि लावणीत वाकलेल्या माणसाचे हातपाय सदैव चिखलात. तीन वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या मळ्यात तरवा, म्हणजे लावणीची भातरोपे, काढताना एका तरुण गड्याच्या पायाला काहीतरी चावले. पूर्वी अशा माणसाला आधी विष उतरवणाऱ्याकडे नेत, जखमेवर कोंबडे लावत, निंबाचा पाला चघळायला देत, आणि त्यात चार तास जात. यावेळी त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून पाऊण तासात मोठ्या दवाखान्यात पोचवले, मागून मीही गेलो. डॉक्टरांनी दंडातून थोडे रक्त काढले, एका कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत ओतले, नळी खिडकीच्या कट्ट्यावर उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून सांगितले, "वीस मिनिटं हिला कोणी हात लावायचा नाही." ती वीस मिनिटे मी विसरणार नाही. गड्याची आई, बायको, मळ्याचा मालक आणि मी, सगळे त्या नळीकडे बघत बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि एक कुत्रे व्हरांड्यात अंग झाडत होते. वेळ संपल्यावर डॉक्टरांनी नळी अलगद आडवी केली. रक्ताची गाठ झालेली नव्हती. ते पाण्यासारखे काचेवरून पसरले. याचा अर्थ घोणस किंवा फुरसे यांसारख्या सापाचे विष अंगात भिनले आहे, असे त्यांनी समजावले आणि प्रतिविषाच्या कुप्या फोडायला घेतल्या. पहिल्या मात्रेतच 10 कुप्या लागल्या. एवढ्या कुप्या बाजारात विकत घ्यायच्या तर त्या घराची म्हैस गेली असती. इथे एक पैसा पडला नाही. गडी चौथ्या दिवशी घरी आला.

या प्रसंगानंतर आमच्या भागातल्या विष उतरवणाऱ्या आजोबांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, की आधी दवाखान्याची चिठ्ठी दाखवा, मग मी अंगारा लावतो. त्यांचा मानही राहिला आणि माणसेही वाचू लागली. मला ही तडजोड मनापासून पसंत आहे. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली. त्यामुळे निदान माणसे किती दगावतात हे यापुढे लपणार नाही.

इथवर वाचून सगळे आलबेल आहे असे वाटेल, म्हणून त्या 'अपेक्षित' शब्दाकडे येतो. केंद्र सरकारच्याच 2021-22 च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातल्या सामुदायिक केंद्रांत गरजेच्या मानाने सुमारे 80 टक्के तज्ज्ञ डॉक्टर कमी होते. आमचे केंद्र याच देशात आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ येतात, वर्ष काढतात आणि बदली घेतात. त्या असतात तेव्हा भूल देणारा नसतो, तो आला की त्या गेलेल्या असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेची खोली सजून बंद राहते आणि अडलेल्या बाईला 108 मध्ये घालून बेळगावला पाठवतात. भीमगड अभयारण्यातल्या गावांची कथा आणखी वेगळी. तिथे रुग्णवाहिका पोचेल असा रस्ताच नाही. 2024 च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडी दांड्यांची डोली करून जंगलातून खांद्यावर आणले, त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरली. वनखाते रस्ता होऊ देत नाही आणि पुनर्वसनाचा विचार सगळ्या घरांना सारखा पटत नाही. अशा गावांना तीस खाटांचा दवाखाना म्हणजे वीस मैलांवरचा दिवा.

दवाखाना अर्धवट असला की माणसे सीमेपलीकडे बघू लागतात. निपाणीकडचे कोल्हापूर गाठतात, अथणी-कागवाडकडच्यांना पिढ्यानपिढ्या मिरजेची सवय, आणि कणकुंबी-चोर्ल्याकडचे घाट उतरून गोव्यात जातात, जिथे 2018 पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क पडू लागले. महाराष्ट्र सरकारने 2023 साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचे ठरवले, त्यावर कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला आणि दोन्हीकडे भाषणे झाली. सीमाप्रश्नावर माझे मत लपलेले नाही. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, इथले मराठी लोक निषेध म्हणून पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीत मी दरवर्षी चालतो. तरीही खानापूरच्या पश्चिमेकडच्या बाळंतिणीला पलीकडच्या राज्याच्या कार्डापेक्षा आमच्या केंद्रात कायम राहणारा एक भूलतज्ज्ञ जास्त कामाचा आहे, असे मी सभेत बोललो तेव्हा काही जुने सहकारी माझ्यावर रुसले. अजून रुसलेले आहेत.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाचा गाडा, दोन औषधांची दुकाने आणि झेरॉक्सवाला यांनी आपली वस्ती केली आहे, आणि नर्सबाईंना खोल्या भाड्याने देऊन दोन घरांनी स्लॅब टाकला.

गेल्या जुलैत आमच्या शेतात लावण होती. शेजारची सून सातव्या महिन्याच्या तपासणीला गेली होती, ती साडेअकराला परतली, कासोटा घालून चिखलात उतरली नाही, पण बांधावर बसून तिने दुपारभर तरव्याच्या पेंड्या सोडून दिल्या. संध्याकाळी पैऱ्याचा हिशेब निघाला. दवाखान्याला गेली म्हणजे पूर्वी सरळ पुरा खाडा धरत. सासूचे म्हणणे अर्धा पैरा धरा, माझ्या बायकोचे म्हणणे पेंड्या सोडणे हेही काम आहे, पाऊण धरा. बराच वेळ वाद झाला आणि पाऊण ठरला.